वेगळं पातेलं

सोहारच्या बंदरामागे, फलजच्या वाटेवर
बेचाळीस माणसांची मेस चालवतो मी.
कोण किती पोळ्या खातो ते हाताला कळतं,
वहीत लिहावं लागत नाही.

लवू पालशेतकर. क्रेनखालचा रिगर.
जेवताना चार मिरच्या कच्च्या चावायचा,
वर म्हणायचा, वासू, ह्यात तिखट घालायला विसरलास.

तोच लवू रमजानच्या आसपास म्हणाला,
मिरची बदललीस काय रे? लागते.
मिरची तीच होती, संकेश्वरी,
आत्तेभावाच्या सामानातून आलेली.
मी पिशवी उघडून दाखवलीसुद्धा.
तो हसला. अर्धंच.
अर्धंच हसला हे आता आठवतंय.

मग मी वेगळं पातेलं लावलं.
छोटं, एक कान तुटलेलं.
फोडणीआधीची डाळ त्यात काढायची,
बांगडा नारळाच्या रसात, मिरचीवाचून.
माया म्हणा.
घरापासून लांबचा माणूस, तोंड आलंय,
म्हणजे उष्णता, म्हणजे गुलकंद,
म्हणजे तूप लाव, जिरं भिजवून पी.
पाच महिने.
पाच महिने त्याच्या दुखण्यावर
मीच झाकण ठेवत होतो.

बाकी खुणा काय कमी होत्या?
शुक्रवारचा वडा तो चिमटीने मोडायला लागला.
पाव आमटीत भिजवायला लागला.
जांभई देताना तोंडापुढे हात धरायचा,
मला वाटलं, सभ्य झाला.
डाव्या गालात आतून पांढरं,
सायीसारखं, पण पुसून न जाणारं,
त्याने एकदा आरशात बघितलं होतं
आणि चुना असेल म्हणून सोडून दिलं होतं.
चुना तर होताच.
कपड्यांच्या घड्यांत लपून विमानातून यायची ती पुडी,
इथे बंदी, म्हणून दुप्पट गोड.
पंधरा वर्षं, गालात एकाच जागी.

कळलं ते आंब्यावरून.
कोय चोखायला घेतली आणि तोंडात शिरेना.
सगळे हसले, तोही हसला.
मी म्हटलं, तीन बोटं घाल बघू, उभी, एकावर एक.
दोन गेली.
तिसरं दाताशी अडलं.
बिहारचा वेल्डर अजून हसत होता, तो थांबला.

दवाखान्यात केरळची डॉक्टरीण.
बॅटरी मारून बराच वेळ काही बोललीच नाही.
मग विचारलं, किती दिवस झाले?
लवूने माझ्याकडे बघितलं.
दिवस माझ्याकडेच होते, पातेल्यात.

तुकडा काढून मस्कतला पाठवलाय.
आठ दिवस लागतील. आज सहावा.
लवकर आलात म्हणाली
की लवकर यायला हवं होतं म्हणाली,
तिच्या हिंदीत मला नीट कळलं नाही.
आणि मी परत विचारलं नाही.

लवू कामावर जातो. पुडी टाकलीय, म्हणतो.
घरी फोनवर हवा-पाण्याचं बोलतो,
बायको विचारते, आवाज असा का,
तर म्हणतो, एसी.

काल नवा पोरगा, तेविसाचा, चिपळूणकडचा,
ताट पुढे सारून म्हणाला,
काका, आज जरा जास्तच झोंबतंय.
मी डाव खाली ठेवला. हात पुसले.
म्हटलं, ये इकडे, ट्यूबखाली.
आ कर.