सहावा उंचवटा

टॅबलेटमधल्या इंजिनाला गंज नाही.
नववीच्या पोरांनी ते एका तासात
उघडलं, जोडलं, परत उघडलं.
बोटाने पाना फिरवायचा,
नट सुटला की हिरवी खूण, आणि टिंग.
चोवीस टॅबलेट, चोवीस टिंग,
खिडकीबाहेर पूर्णगडची खाडी गढूळ.

तहसीन बांगी म्हणाली,
सर, ह्यात नट अडकतच नाही.
खरं आहे, मी म्हणालो.
मग हे इंजिन आहे तरी कुणाचं?

मी तांत्रिकचा निदेशक, तासिकेवर नेमलेला.
मानधन येतं तेव्हा येतं.
कार्यशाळेत एक व्हाइस, दात झिजलेला,
पाने दोन, त्यातला एक
मुख्याध्यापकांच्या मोटरसायकलसाठी राखीव.
उत्तर काही सुचलं नाही,
म्हणून पोरांना टॅबलेटसकट किनाऱ्यावर नेलं.

बंदी उठायला नऊ दिवस होते.
होड्या झापांखाली निजलेल्या,
फक्त यासीन सोलकरांची लाँच जागी:
ड्रमातून पाणी पाजत
तिचं इंजिन चालवून बघत होते,
आणि ते मध्येच अडखळत होतं.

झाकणाचा पहिला नट भाविकने खोलायला घेतला
आणि तो मुंडक्यासकट तुटला.
पाना हातात, पोराचं तोंड एवढंसं.
कुठेच टिंग वाजलं नाही.
सोलकर म्हणाले, असू दे,
तो माझ्या बापाच्या वेळचा होता.

इसाकचाचा मिरकर ओंडक्यावर बसले होते.
चाळीस वर्षं त्यांनी ह्या बंदरातली इंजिनं ऐकली.
पेचकसाचं पातं लोखंडाला, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि दुखणं कुठलं ते सांगायचे.
मग इंजिनांनी फी म्हणून कानच नेले.
आता लग्नाचा बँडसुद्धा
त्यांना नुसता हललेला दिसतो.

तहसीनने टॅबलेट इंजिनापाशी धरला.
अभ्यासक्रमात नसलेलं काहीतरी उघडलं,
आवाजाची रेघ धावायला लागली.
पाच उंचवटे, एक बुटका.
पाच उंचवटे, एक बुटका.
ती ओठांनी मोजत होती.

चाचांनी चष्मा शोधला, सदऱ्याने पुसून आणखी मळवला,
नाक पडद्याला टेकेपर्यंत वाकले.
बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग डिझेलचं काळं नख
त्या सहाव्यावर ठेवलं.
बोट लागलं तशी रेघ थांबली.
ते दचकले, पण नख उचललं नाही.
हां, म्हणाले, हाच खोकतो.

एकेक नळी सैल करा, चाचा ओरडले,
बहिरा माणूस बोलतो तेवढ्या मोठ्याने.
पहिली सैल केली, एक चांगला उंचवटा बसला.
आवळली. दुसरी, तिसरी, तेच.
चौथी सैल केली
आणि रेघेला काहीच झालं नाही.
जो आधीच जेवत नाही, चाचा म्हणाले,
त्याचं ताट काढल्यावर ओरडणार कोण?

नोझल काजळीने बुजलेलं निघालं.
ते भाविकनेच साफ केलं, कुणी सांगायच्या आधी.

संध्याकाळी मी माहिती भरायला बसलो.
प्रात्यक्षिक पूर्ण: होय की नाही.
तुटलेल्या नटासाठी रकाना नव्हता,
चाचांसाठीही नव्हता.

हल्ली मंगळवारी ते शाळेत येतात,
चपला बाहेर काढून, मशिदीत शिरावं तसे.
तहसीनने बंदरातल्या अकरा लाँचींचे आवाज साठवलेत,
प्रत्येकाला नाव, पुढे दुखणं.
परवा ते तिला म्हणाले,
माझी बरकत ह्यात कशी दिसली असती गं?
बरकत कधीच मोडीत गेली,
तिच्या फळ्या चुलीत गेल्या.
तहसीन काही बोलली नाही.
टॅबलेट त्यांच्या तोंडापाशी धरला फक्त.

आणि चाचांनी डोळे मिटून, मान हलवत,
स्वतःला ऐकू न येणारं ते इंजिन
तोंडाने चालू केलं.
डुग डुग डुग डुग.
वर्ग हसला नाही. रेघ चढत राहिली.
मध्ये एकदा त्यांना दम लागला,
तेवढी जागा सपाट आली.
ती तिने पुसली नाही.