गोड लागतंय का?

माझं काम साधं आहे.
पितेश्टीच्या बाहेर, टेकडीआडच्या कारखान्यात
मी मास्क देते, मास्क परत घेते,
आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या डोक्यावर
पारदर्शक टोपडं चढवून
आत साखरेहून गोड पाण्याचा फवारा मारते.
मग विचारते, गोड लागतंय का?

नाही म्हणाला, तर मास्क बसला.
हो म्हणाला, तर कुठेतरी फट आहे,
आणि जिथून गोड शिरतं
तिथून ती काळपट भुकटीही शिरेल
जिच्या दाबून, भाजून
करंगळीच्या पेराएवढ्या गोळ्या होतात.
भुकटीला वास नाही, चव नाही.
म्हणून चव मी उसनी देते.

निचिफोर फेब्रुवारीत आला.
सोमवार होता, लघवीच्या बाटल्या जमा करायचा.
गालांवर नऊ दिवसांची दाढी,
मधेच पांढरी, जी मी आधी पाहिली नव्हती.
"आई गेली," म्हणाला. "तू ओळखायचीस."
ओळखायचे. साफ्ता. बाजारात लसूण विकायची,
वजन झाल्यावर एक गड्डा वरून टाकायची.

आमच्याकडे आई गेली की मुलगा
चाळीस दिवस गालाला पातं लावत नाही.
हे भिंतीवरच्या तक्त्यात नाही.
तक्त्यात एकच चेहरा आहे, गुळगुळीत,
ज्याचं कधी कुणी मेलेलं नाही.

पट्टे ओढले. टोपडं चढवलं.
मान डावीकडे. उजवीकडे. वाक. आता मोठ्यानं वाच.
तो उतारा वाचू लागला,
तिसऱ्या ओळीवर थांबला.
मास्कच्या आत जीभ फिरल्याचं
जबड्यावरून कळतं.
"गोड लागतंय का?"
"नाही."
"निचिफोर."
"नाही म्हटलं ना, व्हेटुरिया."

भुकटीच्या खोलीत पगार थोडा जास्त असतो.
आणि पुजारी, मेणबत्त्या, गावजेवण, थडग्याचा दगड,
हिशेब मलाही येतो.
पंख्याचा एक मास्क आहे कपाटात,
दाढीवरही चालतो म्हणतात,
पण त्याची बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकत नाही
आणि नव्याचा अर्ज दोन वर्षं
वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी पेल्याखाली आहे.
मी वहीत लिहिलं: बसत नाही.
अक्षर वाकडं आलं.

दोन दिवस तो गोदामात खोके ठोकत होता.
तिसऱ्या दिवशी दारात उभा,
गाल उघडे, हनुवटीखाली कापलेलं,
जखमेवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला.
दगडवाल्याला आगाऊ रक्कम हवी होती.
मी काही बोलले नाही. टोपडं. फवारा. मान डावीकडे.
उतारा शेवटपर्यंत वाचला त्यानं.
"गोड लागतंय का?"
"नाही."
या वेळी खरं बोलला,
आणि ते मला आधीच्या खोट्याहून जड गेलं.

चाळिसाव्या दिवशी त्यानं कोलिवा आणला,
शिजवलेले गहू, अक्रोड, वर साखर,
प्लास्टिकच्या पेल्यात, झाकणाला रबर.
आत खायला मनाई आहे.
सुती कपडे टोपलीत, हात यंत्रावर, पाय यंत्रावर,
हिरवा दिवा, मग फाटक.
बसथांब्यावर मी चमच्यानं खाल्लं.
त्यानं काही विचारलं नाही.
मीच म्हटलं, अक्रोड जरा खवट आहेत.
तो पहिल्यांदा हसला,
"तिचेच आहेत. मागच्या सालचे.
मी टाकायला निघालो होतो."

बस आली. तिच्या उजेडात त्याचा चेहरा दिसला.
सकाळी घोटून केलेली दाढी,
आणि नाकापासून हनुवटीपर्यंत
रबरी कडेची लाल रेघ,
पाळी संपून तास झाला तरी
अजून न उतरलेली.