कारणाचा रकाना

सिव्हिल लाइन्सला, कोर्टाच्या भिंतीबाहेर,
कडुनिंबाची सावली दर तासाला सरकते
आणि तिच्यामागे माझं टेबल.
बावीस वर्षं इथे टाइप करते:
नावातला बदल, हरवलेली मार्कशीट,
मी अमुक, वय अमुक, राहणार टिमकी,
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की.

मे महिना. दुपारचे दोन. कुत्रीसुद्धा नळाखाली.
डोमाजी निमजे आले,
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात शंभराचा स्टॅम्प
घामानं घडीवर मऊ पडलेला.
"सूत मीनं चोरलं होतं," म्हणाले. "सतरा बॉबिना.
नाव सांगतलं लहानू मौंदेकरचं.
त्याले काढलं. मी रिटायर झालो, हार घालून."

कधीची गोष्ट?
"मिलचा भोंगा होता तव्हाची."

कागद कुठे लावायचा? पेन्शन, केस, वारस?
कारणाचा रकाना असतो, भरावा लागतो.
"कुठीच नाई लावाचा, बाई."

आणि मौंदेकर?
"गेला. दोन दिवाळ्या झाल्या."

मी घाटे वकिलांचा जुना मसुदा काढला.
त्यात एक इंग्रजी क्रियापद आहे, अवाव,
आता कोणी वापरत नाही.
"म्हंजे आव आणणं का जी?"
नाही. बरोब्बर उलटं.
कणा तुटलेली डिक्शनरी मांडीवर उघडली:
उघड सांगणे, चारचौघांत, लाज न बाळगता.

त्यांनी बराच वेळ निंबोळ्यांकडे पाहिलं.
"लाज न बाळगता, हे खोडा.
लाज हाय. तिच्याच पायी आलो.
थे बी टाइप करा."

केलं. असं वाक्य कुठल्याच नमुन्यात नाही,
बोटं अडखळली,
एक काना राहिला, तो पेनानं दिला.

नोटरीची खिडकी दहा पावलांवर. ते तिकडे वळलेच नाहीत.
"वाचून दाखवा."
वाचलं.
"आणखी जोरात. भोंगा कसा वाजे,
चुलीपाशी बसलेल्या बाईलेबी समजे, पाळी बदलली."

बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं खरं
दबक्या आवाजात वाचते,
बरोबर आहे ना, सही इथे.
त्या दुपारी उभी राहिले.
रसवंतीचं चाक थांबलं. दोन ज्युनियर वकील,
पानवाला, दाखल्यासाठी सकाळपासून ताटकळलेली म्हातारी,
सगळ्यांनी ऐकलं.
कोणी काही बोललं नाही. म्हातारीनं फक्त पदर सारखा केला.

पैसे विचारले. साठ सांगितले, नेहमीचेच.
कमी केले असते तर ती माफी झाली असती,
आणि ती माझ्याकडे नव्हती.

मग ते गेले, टिमकीच्या बाजूनं,
कागद घडी न घालता, दोन्ही हातांत धरून,
जसं परातीतलं पाणी नेतात.
मौंदेकरांच्या सुनेनं दार उघडलं का,
मला कळलं नाही.
कार्बन प्रत माझ्याकडे आहे.
कारणाचा रकाना कोरा.