तारांची पाकिटं

शेफील्डच्या त्या तळघरात यंत्र रात्रंदिवस चालायचं.
करंगळीएवढी पोलादी कांडी
ओढायची, सोडायची,
ओढायची, सोडायची,
आणि आकडा एकाने पुढे.
नमुने मी घासून द्यायचे, आरशासारखे;
किर्लोस्करवाडीच्या फाउंड्रीत शिकलेला हात.
कीथ ऑलरेनशॉ कानात बोळे घालून नोंदी करायचा.
यंत्राच्या आवाजामुळे नव्हे,
आदल्या रात्री लीड्समध्ये वाजवून आलेला असायचा.

त्याची आई चमच्यांना चकाकी देणाऱ्या बायकांतली.
अंगाला तपकिरी कागद गुंडाळलेला, डोक्याला लाल फडकं.
दिवसभरात चमचे पांढरे होत, ती काळी.
"माझी पहिली गिटार तीन हजार डझन चमच्यांची," तो म्हणायचा.
मी हिशेब करून पाहिला. खरा होता.

एक्याऐंशी साली त्यांचं गाणं अचानक वर चढलं.
प्रबंधाची तीन प्रकरणं त्याने माझ्या कपाटात ठेवली.
"ईस्टरला येतो."

सव्वीस ईस्टर झाले.
भट्ट्या विझल्या, रोलिंग मिलच्या जागी बुटांची दुकानं आली.
एकदा टीव्हीवर दिसला: केस खांद्याखाली, डोळे मिटलेले,
बोटाने तार वाकवत
सूर नको म्हणेल तिथवर नेत होता.
नवरा म्हणाला, आवाज कमी कर.
मी बसल्या बसल्या त्या तारेवरचा ताण मोजत होते.

मग एका मंगळवारी दारात उभा.
केस गेलेले, डाव्या कानात यंत्र, हातात दोन सुटकेसी.
दोन्हींत पाकिटं.
पगाराची असतात तशी, तपकिरी,
प्रत्येकात एक तुटलेली तार, वर पेन्सिलीने:
ग्लासगो. घोडीजवळ. अकरा तास.
टोलीडो. तिसऱ्या पडद्यावर. नऊ तास. पाऊस.
"पाऊस कशाला लिहिलास?"
"गंज."
व्हिटबी. पहिल्याच गाण्यात. वडील गेल्याचा फोन.
हे कुठल्या रकान्यात घालायचं, मला कळेना.
चार हजार एकशे बारा पाकिटं.
आम्हाला दोन हिवाळे लागले.

तार तुटते त्या तोंडावर रेषा असतात,
ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा.
सेकंदाला तीनशे तीस वेळा थरथरणारी तार;
पण तडा काही त्या रात्रीचा नसतो.
आधी एक ओरखडा, नखाएवढाही नाही,
टाळ्यांच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार?

"आमच्यात म्हणतात, तुटेपर्यंत ताणू नये."
मी त्याला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला.
भिंगावरून डोळा न काढता म्हणाला,
"मग कुठवर ताणायचं, ते कळणार कसं?"

पोलादाला एक सीमा असते. ताण तिच्याखाली ठेवा,
मग कितीही वेळा ओढा, ते थकत नाही.
ॲल्युमिनियमचं तसं नाही, त्याला हलकंच ओढलं
तरी कधी ना कधी तुटतंच.
"तू यातली कोण?" त्याने एकदा चहाच्या वेळी विचारलं.
मी बिस्किट बुडवलं.
अर्धं कपात राहिलं.

परीक्षकांनी अडीच तास प्रश्न विचारले.
व्हिटबीबद्दल कोणी नाही.
संध्याकाळी पबमध्ये गिटार पुढे केली कोणीतरी,
त्याने बोटं दाखवली, सांधे सुजलेले,
आणि तरीही घेतली.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात शेवटचा नमुना यंत्रात होता.
एक कोटी फेऱ्या झाल्या. तुटेना.
इतक्या फेऱ्यांनंतर यंत्र बंद करतात, असा नियम,
आणि आलेखावरच्या त्या ठिपक्यापुढे बाण काढतात:
थांबलो आम्ही, तो नव्हे.
यंत्र बंद झालं तेव्हा तळघर मला परकं वाटलं.
कीथ पेन्सिल घेऊन कागदावर वाकला,
बराच वेळ तसाच.
"बाण किती लांब काढू?"
मी ड्रॉवर उघडून पट्टी शोधू लागले.