दुसरी बॅटरी

विचारलंस, उज्मा, सुरुवात कुठून करायची.
गच्चीपासून कर.
कॅमेरा नंतर. आधी अशी गच्ची शोध
जिचा मालक पहाटे साडेपाचला किल्ली देईल
आणि कशाला म्हणून विचारणार नाही.

मला ती गंजगोलाईत मिळाली,
महालिंगआप्पांच्या भांड्यांच्या दुकानावर.
किल्ली दिली, पण विचारलंच,
"काय करलालास रे वर?"
म्हटलं, आप्पा, दिवसाचा फोटो काढायचाय.
"दिवसाचा? मग काढ की एक, आन् ये खाली."

एकाने भागत नाही.
दर दहा सेकंदांनी एक, तासाला तीनशे साठ,
आणि पंचवीस फोटो जळाले की
पडद्यावर एक सेकंद उजळतो.
सहा तास गच्चीवर भाजून घे,
हाती दीड मिनिटही येत नाही.
आडतीवर वाढलेल्या पोरीला
ही घट समजवावी लागू नये.

सगळं ऑटो बंद कर. मी केलं नव्हतं.
ढग आला की कॅमेरा घाबरून उजेड वाढवायचा,
ढग गेला की ओशाळायचा.
जोडून पाहिलं तर अख्खी गोलाई
मांडवातल्या स्वस्त माळेसारखी लुकलुकत होती.
एकेक फोटो उजळत, विझवत
चार रात्री गेल्या.

फोकस हाताने लाव, त्यावर चिकटपट्टी मार.
ट्रायपॉडला वजन बांध, वर वारा असतो.
मला आप्पांनी पाच किलोचं लोखंडी माप दिलं,
वर बजावलं, "पासिंगचं हाय, हरवू नको."

पावणेसहाला सुरू केलं.
आधी झाडूवाल्या बायका, मग रिकामे गाडे,
मग सोळाच्या सोळा रस्ते नळासारखे सुटले
(लातुरात नळ असे सुटलेले
कुणी पाहिलेत, ते सोड).
सीताफळांचे ढीग चढले, उतरले.
देवळाच्या कळसाची सावली
कापडाच्या दुकानांवरून सरकत होती,
आणि मला, तिथे उभ्या माणसाला,
यातलं काहीच दिसत नव्हतं.
मला दिसत होता फक्त कंटाळा.
तो तुलाही दिसेल. भिऊ नकोस.

नऊ वाजून दहा मिनिटांनी बॅटरी मेली.
दुसरी पिशवीत होती, पिशवी खाली गल्ल्यामागे.
उतरलो, तर आप्पा म्हणाले, बस, च्या घे.
बसलो.
परातीची थप्पी लावता लावता ते सहज म्हणाले,
"मधलं दिसंना झालंय मला.
कडंकडंचं दिसतंय.
रस्ते दिसतेत. देऊळ न्हाई."
डॉक्टर काय म्हणाला, मी विचारलं.
"त्यो लई बोलला," ते म्हणाले,
आणि बशी माझ्याकडे सरकवली.
बशी अचूक सरकवली.

अकरा मिनिटं.
वर येऊन बॅटरी घातली, हात लागला,
कॅमेरा केसभर हलला.

आता एकोणपन्नासाव्या सेकंदाला धक्का बसतो.
सावली उडी मारते,
सीताफळांचा एक गाडा होता तो नसतो,
सगळी गोलाई दचकून डावीकडे सरते.
हे लपवता येतं. दोन फोटो
एकमेकांत विरघळवायची सोय आहे,
शिकवीन तुला, दहा मिनिटांचं काम.
मी तसाच ठेवला.

आप्पांना दाखवायला गेलो.
त्यांनी मोबाइल तोंडासमोर धरला नाही,
कानशिलाकडे नेला, आणि मान वळवून
डोळ्याच्या कोपऱ्यातून गोलाई पाहू लागले.
गिऱ्हाईक आलं, त्याला हाताने थांबवलं.
धक्का बसला, तसे हसले.
"हितं च्या पेलो बग आपण."

तर बॅटऱ्या दोन घे, उज्मा,
दोन्ही रात्रीच भरून ठेव.
आणि दुसरी
खालीच विसर.