चार बोटं वायर

सागिनबूची गाडी सपाटीवर शहाणी असते.
बटण दाबलं की पोटाखाली घर्र, मग टक्,
काट्यांशेजारी पिवळा दिवा लागतो, लागलेला राहतो.
मी म्हणतो, बाई, हिला काही झालेलं नाही.
ती म्हणते, तुझ्या अंगणात लंगडी मेंढीही नीट चालते.

वर, खिंडीच्या अलीकडे,
बर्फ वितळून रस्त्याचा रबडा होतो तिथे
हीच गाडी एक चाक हवेत धरते
आणि सगळं बळ त्या एकट्याला देऊन टाकते.
ते गरगरतं. बाकीची तिघं बघत बसतात.
मागे थंड पेटीत चारशे मेंढ्यांची लस.
परवा ती पेटी पाठीला बांधून
सागिनबू सात किलोमीटर चालली.
हे तिनं नाही, तिच्या बुटांनी सांगितलं.

नारिनच्या बाजाराबाहेर एक गंजका कंटेनर,
तेच माझं गॅरेज.
फ्यूज पाहिला, शाबूत.
रिले बोटाखाली टिचकी देतो.
मोटर उतरवून थेट बॅटरीला जोडली,
फिरली बिचारी, बोलावल्यासारखी.
तेल काढून चिमटीत चोळलं:
धातूचा कीस नाही, पाण्याचा दुधाळपणा नाही.
पोराला, इल्गिझला, समजावलं :
पुढचा दांडा आणि मागचा दांडा एक व्हायचे
तर दातांच्या फटीत दात जायला हवा.
समोरासमोर आले तर नुसते टेकून राहतात,
म्हणून स्टिअरिंग थोडं वळव, हातभर पुढे घे, हातभर मागे,
घाई करू नको, ऐक.
टक्.
बसले की! मग वर काय होतं यांना?

ही जपानहून आलेली, उजव्या स्टिअरिंगची,
दारावरची अक्षरं आम्हा दोघांनाही न वाचता येणारी.
चार मालक झाले. त्यातल्या कोणाच्या तरी वेळी
कोणीतरी हिला उंच केलं :
बॉडीखाली ठोकळे, लांब स्प्रिंगा, बैलासारखी चाकं.
तीन दिवस मी त्या माणसाला शिव्या देतोय,
किर्गीझमध्ये, आणि त्या संपल्या की रशियनमध्ये.

चौथ्या दिवशी म्हटलं, अंगणच वाकडं करू.
पुढचं डावं चाक दगडावर चढवलं,
बाकीच्यांना ओंडके लावले,
मी खाली सरपटलो, इल्गिझ वर बटणापाशी.
दिवा?
नाही, उस्ताद.
आणि डोळ्यांसमोर, गिअरबॉक्सच्या पाठीवरून जाणारी
वायरींची जुडी, ताणलेली,
कोमूझच्या तारेसारखी. बोटानं छेडली तर वाजलीही असती.
गाडी उंच केली, वायर तेवढीच ठेवली.
सपाटीवर पुरते. अंग पिळलं की आतलं तांबं
कातडीच्या आत सुटं होतं,
बाहेरून काही दिसत नाही.

जोडाची टेप सोडवायला घेतली
आणि हात थांबला.
गुंडाळी उलटी होती.
शेवट आत दुमडलेला, नखाला सापडावा म्हणून.
डावखुऱ्याची गुंडाळी. ती सवय
मला ओळखीच्या एकाच माणसाला आहे.

बिश्केक. एकोणीस वर्षांचा मी.
उस्ताद ओरडायचा, संध्याकाळपर्यंत दोन हव्यात,
आणि आम्ही उचलायचो,
नंबर बघत नव्हतो, रंग बघत नव्हतो.

आपलेच दात, आपलेच ओठ.
गाडीखाली पडल्या पडल्या थोडा वेळ
काहीच केलं नाही.
इल्गिझनं विचारलं, उस्ताद, सापडलं का?
पाना दे, म्हटलं. पाना नको होता.

चार बोटं वायर वाढवली, सैल वळण ठेवलं,
टेप गुंडाळली. उलटीच. हात काय बदलतो?
चाक दगडावर, अंग पिळलेलं,
आणि दिवा लागला.

सागिनबूनं पैसे विचारले.
वायरीचे सांगितले.
मजुरी?
ती मी अकरा वर्षांपूर्वीच घेतली, दुसऱ्या कोणाकडून.
तिला कळलं नाही. तिनं बोनेटवर
मूठभर कुरूत ठेवलं आणि गेली.

खारट चघळत हिशेब करतोय :
त्या उन्हाळ्यात अशा तीसेक तरी.
कुठल्या खिंडीत, कोणाच्या पाठीवर काय बांधून,
एक चाक हवेत.