नऊ पूर्णांक एक

गुंडी दाबली की आतून एक घुरकी येते,
म्हाताऱ्या कुत्र्याने झोपेत काढावी तशी,
आणि मग काही नाही.
फ्यूज उडत नाही. पाणी हलत नाही.
भांड्यात जे आहे ते आहे तिथेच,
आणि क्लाक्सविकच्या धक्क्याला बांधलेल्या या बोटीवर
आम्ही दोघंच: मी, आणि हानुस, माझे वडील,
ज्यांच्या नव्या खुब्याला अजून सहा आठवडेही झालेले नाहीत.
तोवर बादली आहे.
बादलीबद्दल आम्ही बोलत नाही.

ते बाकावर आडवे. फळीपलीकडून सूचना येतात.
"आधी बुडाचा व्हॉल्व्ह बंद कर, रान्वा."
केला.
"पाती बघ. कुणीतरी काहीतरी टाकलं असणार."
कुणीतरी म्हणजे माझा बार्दुर, वय आठ.
गुडघ्यांवर बसून चार स्क्रू काढले,
पाचवा गंजलेला, त्याने बोटाचं सालटं घेतलं.
वास, असू दे. पाऊण तासाने नाकच कंटाळतं.
पात्यांवर चुन्यासारखा पांढरा थर,
खारं पाणी आणि माणसाचं पाणी
एका नळीत नांदलं की धरतो तो.
नखाने खरवडला, व्हिनेगर ओतलं, थांबले.
आत ना खेळणं, ना जर्दाळूची बी, ना कापसाचा बोळा.
बार्दुर निर्दोष सुटला.
मनातल्या मनात त्याला रागावले होते, तेही परत घेतलं.

मोटर हाताने फिरवली. फिरली.

मग मीटर.
बॅटरीवर बारा पूर्णांक सात.
मोटरपाशी मोजायला तिसरा हात हवा होता,
तर हानुसनी पडल्यापडल्या काठी लांबवून
तिच्या रबरी टोकाने गुंडी दाबून धरली:
नऊ पूर्णांक एक.
आडात आहे, पोहऱ्यात येत नाही.
म्हणजे वाटेत कुणीतरी पितंय.

"वायर मी जाडच घातली होती," ते म्हणाले,
कुणी विचारलं नसताना.
घातली होती. चार वर्षांपूर्वी,
आईच्या गुडघ्यांनी हातपंपापुढे हात टेकले तेव्हा.
ज्याला ते जन्मभर चोचले म्हणत आले
तेच यंत्र त्यांनी भर थंडीत, एकट्याने बसवलं.
आई म्हणाली होती, आवाज फार करतं.
आणि रोज वापरत होती.

वायर चाचपत गेले. टाकीमागून, शिडीखालून,
तिच्या कपाटाच्या पाठीमागे,
जिथे अजून कुणी हात घातलेला नाही.
तिथे एक जोड.
हानुसचा नव्हे. हानुसचा जोड दाबलेला,
वर तापवून चढवलेली नळी, नळीवर तारीख.
हा टेबललॅम्पचा पांढरा प्लास्टिक ठोकळा,
दोन इवले स्क्रू,
वरून करड्या लोकरीचे घट्ट वेढे,
आणि शेवटी ती गाठ,
बाही संपवताना मार्यून मारायची ती.
लोकर सोडली. आतलं तांबं हिरवं पडलेलं,
बोट लागताच भुगा.

कधी तुटली, कशाने, कुणाला विचारणार?
तिने सांगितलं नव्हतं.
सांगितलं असतं तर त्यांनी सगळं उपसलं असतं
आणि दिवसभर पुटपुटले असते.

ठोकळा त्यांच्या हातात दिला.
चष्मा शोधला, लावला.
"चुकीचा आहे. बोटीवर हा चालत नाही."
मग बऱ्याच वेळाने,
"किती चालला?"
"तीन हिवाळे तरी."
ठोकळा त्यांनी कचऱ्यात टाकला.
लोकर परत दिली नाही.

नवा जोड मी दाबला, नळी तापवली.
तारीख घालावी की नको ठरेना. घातली.
काठी. गुंडी.
खडी भरडल्याचा आवाज, मग गुळगुळ, मग एक लांब घोट,
आणि भांड्यात नितळ पाणी वर आलं.
"आवाज फार करतं," मी म्हटलं.
ते हसले नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

संध्याकाळी उठले, फळी धरत धरत गेले,
दार लावून घेतलं.
मी बादली विसळायला डेकवर आले.
समोरच्या बेटाची फेरी परतत होती,
तिच्या दिव्यांखाली दोन मेंढ्या आणि एक पोस्टमन.
खालून यंत्र चाललं. थांबलं.
मग पुन्हा एकदा चाललं,
ज्याची काही गरज नव्हती.